सागरमाळावरचं पाणी

भाचीला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि बहिणीचा पुण्याला फोन आला, "दादा, तू जा तिच्याबरोबर. खोली बघून दे, मगच परत ये." वसतिगृहाची यादी लागायला अजून वेळ होता आणि तास तर सोमवारपासून सुरू होणार होते. शुक्रवारी रात्री मी बहिणीकडं, सांगली जिल्ह्यातल्या जतला पोचलो आणि शनिवारी पहाटे आम्ही दोघं कोल्हापूरला निघालो.

जुलै अर्धा सरला होता, तरी जतच्या स्टँडवर धूळच होती. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. ढग येतात, बघून जातात. कवठेमहांकाळपर्यंत खिडकीबाहेर तेच माळरान, बाभळी, मधूनच एखादी द्राक्षबाग. मिरज मागं पडलं आणि जयसिंगपूरच्या अलीकडे काचेवर थेंब आले. हातकणंगल्यापर्यंत तर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. भाची खिडकी उघडून हात बाहेर काढून बसली होती. कंडक्टर दोनदा ओरडला, तरी तिनं हात आत घेतला नाही.

कोल्हापूरला उतरल्यावर मी तिला आधी थेट विद्यापीठात नेलं नाही. स्टँडवरून व्हीनस कॉर्नरला आलो आणि तिथून चालत दसरा चौकात. सॅक तिच्या पाठीवर, वळकटी माझ्या खांद्यावर. तिला वाटलं मामा रस्ता चुकला. पण कोल्हापूरला शिकायला आलेल्या पोरीनं पहिल्यांदा हाच चौक बघावा, असं माझ्या मनात होतं.

मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आणि आसपास बोर्डिंग. या शहरात 'बोर्डिंग' म्हणजे वसतिगृह, हे तिला ठाऊक नव्हतं. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. मग 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, 1908 ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढच्या काही वर्षांत अशी एकामागून एक उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला फी माफ करून भागत नाही, त्याला रात्री पथारी टाकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते 1917 मध्ये. त्याच्या सोळा वर्षं आधी राहण्याची सोय झाली होती. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आजही गावाकडची कितीतरी पोरं, त्यातही पोरी, शिक्षण सोडतात ती मार्कांमुळं नाही. राहायचं कुठं, एवढ्या एका प्रश्नामुळं सोडतात. माझ्या बहिणीचं शिक्षण बारावीला थांबलं ते याच प्रश्नापाशी. म्हणून तर तिनं मला फोन केला होता.

जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला एक मुलगा पुढं कर्मवीर भाऊराव पाटील झाला. त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं. भाची रयतच्याच शाळेत शिकलेली. "म्हणजे आमची शाळा इथनं निघाली?" तिनं विचारलं. एका परीनं हो, म्हटलं. मग तिनं वळकटी माझ्याकडून घेतली आणि पुतळ्यासमोर दोन मिनिटं उभी राहिली.

तिथून केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, राजारामपुरी. सरळ रेषेतल्या, नंबर घातलेल्या गल्ल्या: पहिली, दुसरी, तिसरी. जुन्या पेठांमध्ये, म्हणजे मंगळवारात, शिवाजी पेठेत, रस्ता घर बघून वळतो. इथं घरं रस्ता बघून उभी आहेत. मूळचे बैठे बंगले मात्र आता फार उरलेले नाहीत. सायबर चौकात उतरलो तर जिकडंतिकडं पाट्याच पाट्या. 'मुलींसाठी कॉट बेसिसवर रूम', 'अभ्यासिका, 24 तास सुरू', 'घरगुती मेस', 'डबा पोच'. शंभर वर्षांपूर्वी जे काम बोर्डिंगांनी केलं, ते आता ही घरं करत आहेत. वरचा मजला चढवायचा, जिना बाहेरून काढायचा आणि चार खोल्यांत आठ-दहा कॉट टाकायच्या. घराचा हप्ताही त्यातूनच फिटतो. विद्यापीठाच्या या बाजूची वस्ती विद्यार्थ्यांच्या कॉटवर वाढली आहे.

पाच खोल्या बघितल्या. एका ठिकाणी खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. एका ठिकाणी चौदा मुलींना एक नळ. तिसरीकडं घरमालकांनी भाचीकडं न बघता मलाच विचारलं, "मुलगी कशी आहे?" मी म्हटलं, "ती इथंच उभी आहे, तिलाच विचारा." तिथून तीच आधी बाहेर पडली.

पाचवी खोली राजेंद्रनगरात एका काकूंकडं. दहा बाय बाराची खोली, तीन लोखंडी कॉट, तीन भिंतीतली कपाटं, खिडकीत तुळस. एका कॉटवर कुणाची तरी वही उघडी होती, तिच्यावर चष्मा ठेवलेला. भिंतीला चुनखडीचा वास होता, पण ओल नव्हती. मी पलंगाखाली वाकून बघितलं, दाराची कडी लावून बघितली. भाची तोपर्यंत न्हाणीघरात गेली होती आणि नळ सोडून धार बघत होती.

"कुठल्या गावचं म्हणायचं?" काकूंनी विचारलं.

"जतचं."

"मग पाण्याचं तुमास्नी काय सांगायचं." त्या पायरीवर बसल्या. "एकोणीस सालच्या पुरात आमी इथं उंचावर, घरात पाणी न्हाई की काय न्हाई. पण नळाला थेंब न्हवता बघा. खाली नदीला पाणीच पाणी आणि आमी कोरडं. विद्यापीठाचं पाणी टँकरनं आलं. घागरी घिऊन रांगंत हुतो."

ऑगस्ट 2019. पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत चढलं होतं आणि नदीकाठची उपसा केंद्रं बुडाल्यामुळं शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला होता. त्यानंतर काळम्मावाडी धरणातून त्रेपन्न किलोमीटरची थेट पाइपलाइन 2023 मध्ये शहरापर्यंत आली. पण त्या पुरात शहराच्या उपयोगी पडल्या त्या विद्यापीठाच्या विहिरी. काकूंचं बोलणं ऐकून त्या विहिरी बघायची ओढ लागली. भाडं ठरलं, आगाऊ रक्कम दिली, वळकटी कॉटवर टाकली आणि आम्ही बाहेर पडलो.

इथं शहराच्या हद्दीबद्दल थोडं सांगायला हवं. कोल्हापूरची महानगरपालिका झाली 1972 मध्ये, क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर. पुढं अर्धशतक ती रेघ हलली नाही. 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात माणसं होती. पश्चिमेला आणि उत्तरेला नदी, तिची पूररेषा. मग शहर वाढणार ते पूर्वेला आणि दक्षिणेलाच. हद्दवाढीचा प्रस्ताव आला की गावं विरोधात उतरतात, कारण घरफाळा वाढेल आणि शेतीवर आरक्षणं पडतील ही भीती आहे, आणि ती खोटी नाही. 2017 मध्ये 42 गावांसाठी विकास प्राधिकरण नेमलं गेलं. पण पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, सरनोबतवाडी या बाजूंना इमारती थांबलेल्या नाहीत. पाच-पाच मजले उभे आणि सांडपाण्याचा भार ग्रामपंचायतीच्या गटारावर. शहरानं गावं घ्यावीत की नाही यावर कोल्हापूरकर तावातावानं भांडतात. मला बाहेरच्या माणसाला एवढंच दिसलं की रेघेच्या दोन्ही बाजूंना घरं सारखीच आहेत आणि पावसाचं पाणी जायला वाट दोन्हीकडं नाही.

आणि या सगळ्याच्या मधोमध विद्यापीठाची 853 एकर जमीन आहे. म्हणजे जवळजवळ साडेतीन चौरस किलोमीटर, महापालिकेच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहिलं तर विसावा हिस्सा. आमची शेती चार एकर. भाचीनं मनातल्या मनात गुणाकार केला आणि फाटकातच थांबली.

आत गेलं की समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, 1974 मध्ये बसवलेला, आणि मागं मुख्य इमारत. विद्यापीठ स्थापन झालं 18 नोव्हेंबर 1962 ला. उद्‌घाटनाला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आले होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या हाती आला तो सागरमाळ. नावात सागर असला तरी होता निव्वळ माळच: मुरमाड, उघडा, वारा पिणारा. पाऊस पडायचा आणि उतारानं निघून जायचा. त्यावर विभाग बांधायचे, झाडं लावायची, पाणी अडवायचं आणि त्याच वेळी पोरांच्या जेवणाचीही तजवीज करायची, असं ते काम होतं. 'कमवा व शिका' योजना इथं याच मातीत रुजली. पोरांनी दिवसाचे काही तास शेतात, बागेत, कार्यालयात राबायचं आणि त्यावर शिकायचं. दसरा चौकातल्या बोर्डिंगांचीच ही पुढची पायरी आहे, असं मी भाचीला म्हणालो. तिनं लगेच विचारलं, "मुलींना पण आहे का ती योजना?" आहे, म्हटल्यावर तिनं फॉर्मची चौकशी कुठं करायची ते एका मुलीकडून लिहून घेतलं.

इथं विभागाला 'अधिविभाग' म्हणतात. रस्त्याकडेच्या पाट्या वाचत आम्ही चालत होतो. खर्डेकर ग्रंथालयाला आता ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. त्याच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसलेली पोरं. वि. स. खांडेकरांच्या नावाचं भाषा भवन, तंत्रज्ञान अधिविभाग, नॅनो सायन्सची इमारत. सोलापूरचं वेगळं विद्यापीठ 2004 मध्ये झालं, त्यामुळं आता कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे इथं येतात. जिल्हा कमी झाला तरी नवे विषय येतच राहिले आणि प्रत्येक विषयाला इमारत हवी. दोन ठिकाणी नवं काम चाललं होतं. निळे पत्रे, सळ्यांचे भारे, मिक्सरची घरघर. एका पत्र्यावर मोर बसला होता. आम्ही दहा पावलांवर गेलो तरी तो हलला नाही.

भाषा भवनाजवळच्या तलावाशी आलो आणि भाची गप्प झाली. पाणी काठाला लागलं होतं. वरच्या उतारावरून, गवतातून, बारीक बारीक ओहळ उतरत होते. कुठंही सिमेंटची नाली नव्हती. मातीच वाट काढून देत होती. मी खाली बसून एका ओहळात हात घातला. गाळ नव्हता. गवतानं माती धरून ठेवली होती, म्हणून पाणी नितळ होतं.

माझे वडील 1972 च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायचे आणि सुकडी खाऊन दिवस काढायचे. त्यांना हा उतार दाखवायला हवा होता. पाणी तलावात येतं ते असं. तलाव नुसता खणून भरत नाही. त्याच्या वरचा माळ मोकळा लागतो, गवत लागतं, पावसाला रेंगाळायला जागा लागते. नकाशावर बघणाऱ्याला ही 'पडीक' जमीन दिसते. शहरात जागा मिळेनाशी झाली की अशा जमिनीवर सगळ्यांचीच नजर जाते: रस्त्याची, संकुलाची, नव्या अधिविभागाचीही. विद्यापीठानं वाढावं. माझ्या भाचीसारख्या आणखी हजार मुलींना वसतिगृहात खाट मिळावी, त्यासाठी इमारती हव्यातच. पण त्या आहेत त्या जागी उंच व्हाव्यात, जुन्या इमारतींवर मजले चढावेत. हा उतार मोडू नये. ज्या शहराला ऐन पुरात या विहिरींचं पाणी मिळालं, त्यानंही हा उतार आपलाच समजून राखावा. हे मी जतचा माणूस म्हणून कळकळीनं सांगतो. आमच्याकडं माळ आहेत, पण त्यांना पाणी धरायला लावणारे हात फार उशिरा आले. कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या म्हैसाळ योजनेचं पाणी काही गावांना मिळालं, काही अजून वाट बघतात.

भाचीनं आईला व्हिडिओ कॉल लावला. खोली, कॉट, मैत्रिणी, मेस यांतलं काहीच आधी सांगितलं नाही. मोबाईल तलावाकडं धरला. पलीकडं बहीण चुलीपुढं होती, पदरानं घाम पुसत. ती थोडा वेळ बघतच राहिली.

"उन्हाळ्यात पण असतं का गं एवढं?"

भाचीला उत्तर येईना. जवळच सुरक्षारक्षक मामा रेनकोट झटकत उभे होते. तिनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

"कमी हुतंय, ताई," ते म्हणाले, "पण खाली विहिरीला असतंय."