आत्या गेली, वरचं रान गेलं

माझ्या आयरिश सासूबाईंच्या माहेरी एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आत्या गेली आणि वरचं रान गेलं. ते म्हणतात इंग्रजीतच, पण मी साताऱ्याकडची, मला ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच असं मराठीत ऐकू आलं. सासूबाईंनी ते त्यांच्या आजीकडून ऐकलेलं. ही आत्या कोण, तिचं रानाशी काय नातं, कुणालाच माहीत नव्हतं. घरात असा समज होता की कुणीतरी खाष्ट म्हातारी होती आणि भावाच्या पोरांवर रागावून तिने जमीन दुसऱ्याला दिली.

२०१७ साली आमच्या गावच्या जमिनीवर वडिलांच्या मागे वारसनोंद लावायची होती. भावाने सात-बारा आणि जुन्या फेरफारांच्या प्रती पाठवल्या होत्या आणि मी त्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसले होते. त्या राहतात आयर्लंडमध्ये, टिपेररी काउंटीत, थर्ल्सजवळ. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, हा माझ्या पणजोबांचा कूळ म्हणून लागलेला फेरफार. त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या पणजोबांचं तुला सापडतं, मग आमचं का नाही सापडणार?"

सासूबाईंचं माहेरचं आडनाव रायन. टिपेररीत रायन शोधायचा म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आयर्लंडमध्ये पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक तारीख पाठ होते, ३० जून १९२२. त्या दिवशी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दफ्तरखाना उडाला आणि जळाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणना, मृत्युपत्रं, प्रोटेस्टंट चर्चची निम्मी वह्या-पुस्तकं, जवळजवळ सगळ्याची राख झाली. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणना तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. पूर्ण उरलेली सगळ्यांत जुनी जनगणना १९०१ ची, त्यानंतरची १९११ ची. त्यामुळे इथे माणसाचा माग काढायचा तर जमिनीच्या कागदातून काढावा लागतो. जमीन कुणाच्या नावावर होती, कुणाच्या ताब्यात होती, किती वर्षांच्या भाडेपट्ट्याने होती. आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

१९०१ च्या जनगणनेत सासूबाईंचे आजोबा लगेच सापडले आणि त्यांच्यामुळे टाउनलँड मिळालं. टाउनलँड म्हणजे शिवारासारखा जमिनीचा सगळ्यांत लहान नाव असलेला तुकडा. सगळ्या आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त आहेत. आमचं किलनामाना नावाच्या बॅरनीत, म्हणजे तालुक्यासारख्या जुन्या विभागात, डोंगराच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे घरातली माणसं आजही राहतात.

तिथून मागे जायला ग्रिफिथचं मूल्यांकन. रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात देशातल्या प्रत्येक जमीनधारकाची यादी छापली गेली: ताबा कुणाचा, त्याने जमीन कुणाकडून घेतली, क्षेत्र किती, आकारणी किती. आमच्या टाउनलँडमध्ये १८५० च्या सुमाराला अकरा जमीनधारक होते, त्यांतले सात रायन. आणि त्यांतल्या दोघांची पाळण्यातली नावंसुद्धा एकच. मी त्यातला एक धरला आणि जवळजवळ एक वर्ष त्याच्या मागे घालवलं. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची वही, सगळं जुळवत आणलं आणि शेवटी कळलं की त्या माणसाचा वंश थेट न्यूयॉर्कला गेला. तो आमचा नव्हताच.

उत्तर छापील यादीतच होतं. दोन्ही नावांपुढे कंसात एकेक शब्द होता, एकापुढे 'बॉन' आणि दुसऱ्यापुढे 'रो'. मला वाटलं, छपाईतलं काहीतरी असेल. त्या भागात रायन इतके की घराण्याघराण्याला टोपणनावं पडलेली आणि मूल्यांकन करणाऱ्यांनी तीच लिहून घेतलेली. आयरिश भाषेत बॉन म्हणजे गोरा किंवा पांढरा, रो म्हणजे तांबड्या केसांचा. एका अंत्यविधीला चर्चच्या बाहेर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सासूबाईंना सहज विचारलं, "तुम्ही बॉन लोकांपैकी ना?" सासूबाईंनी लहानपणी हा शब्द ऐकला होता, पण तो आडनावाचा भाग आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या भावकीत वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे म्हणतात, आणि ते कुठल्याच कागदावर नसतं. इथे ते कागदावर होतं आणि मीच ते ओलांडून पुढे गेले होते. कुणी हे काम करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, कंसातला शब्द सोडू नका. आणि कागद उघडायच्या आधी चर्चबाहेरच्या म्हाताऱ्यांशी बोला.

बॉन रायनकडे ३७ एकर १ रूड जमीन होती. रूड म्हणजे पाव एकर, आपले दहा गुंठे. जमीन ज्याच्याकडून घेतली त्या जमीनदाराचं नाव शेजारच्या रकान्यात होतं, आणि खरी किल्ली तीच ठरली. कुळाने स्वतःचे कागद जपले नसले तरी जमीनदाराला जपावेच लागतात. १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतर आयर्लंडमधल्या कितीतरी जमीनदारांचं दिवाळं निघालं होतं. त्यांच्या कर्जात बुडालेल्या इस्टेटी विकायला १८४९ मध्ये एक खास न्यायालय काढलं. विक्रीच्या आधी ते एक छापील पुस्तिका काढी. घेणाऱ्याला कळावं म्हणून तिच्यात प्रत्येक कुळाचं नाव, खंड, क्षेत्र आणि भाडेपट्ट्याच्या अटी असत. या पुस्तिकांना 'रेंटल' म्हणतात.

आमच्या जमीनदाराचं १८५३ चं रेंटल डब्लिनच्या बिशप स्ट्रीटवरच्या नॅशनल अर्काइव्ह्‌जमध्ये निघालं. रायन बॉनच्या नावापुढे क्षेत्र होतं २३ एकर. माझा धीरच खचला. पुन्हा चुकीचा माणूस? दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला. जुना आयरिश एकर इंग्रजी एकराच्या १.६२ पट असतो. २३ ला १.६२ ने गुणलं तर ३७ आणि वर पाव. रूडपर्यंत जुळलं!

त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात ते होतं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. भाडेपट्टा १ मे १७९४ चा, तीन आयुष्यांचा.

तीन आयुष्यांचा पट्टा म्हणजे मुदत वर्षांत न मोजता माणसांत मोजायची. पट्ट्यात तीन माणसांची नावं लिहायची. त्यांतलं एक जरी जिवंत असेल तोवर खंड वाढत नाही आणि जमीन काढून घेता येत नाही. तिसरं माणूस गेलं की पट्टा संपला. म्हणून लोक घरातली धट्टीकट्टी मुलं निवडत. कुणी राजघराण्यातलं नावही घालत, कारण राजपुत्र मेला तर ती बातमी गावापर्यंत येणारच, त्यावर वाद होत नाही. १७९४ सालालाही अर्थ आहे. पूर्वी कॅथलिक माणसाला ३१ वर्षांहून लांब पट्टा घेताच येत नव्हता. ते बंधन १७७८ मध्ये उठलं. मग १७९३ मध्ये वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या जमिनीवर कॅथलिकांना मत मिळालं, पण जमीन आयुष्याच्या पट्ट्याने असेल तरच. कुळाला मत मिळालं की ते जमीनदार सांगेल तिकडेच पडणार. त्यामुळे असे पट्टे एकदम भराभर दिले गेले.

आमच्या पट्ट्यातली तीन आयुष्यं रेंटलमध्ये छापली होती. पहिलं, कुळाचा मुलगा, मयत. दुसरं, ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे तिसऱ्या जॉर्ज राजाचा दुसरा मुलगा फ्रेडरिक, तो १८२७ मध्येच गेला होता. तिसरं, कुळाची मुलगी, आता विधवा, हयात, वय सुमारे ६४.

मी ती ओळ तीनदा वाचली. ६४ वजा केले तर पट्टा झाला तेव्हा ही मुलगी पाच वर्षांची होती.

मूळ पट्टा मिळावा म्हणून मग रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये, म्हणजे दस्तनोंदणी कार्यालयात, गेले. डब्लिनमध्ये हेन्रिएटा स्ट्रीटच्या टोकाला ते दगडी कार्यालय आहे. हे दफ्तर १७०८ पासून चालू आहे, आणि ते काढलंच होतं कॅथलिकांच्या हाती जमीन जात नाही ना यावर नजर ठेवायला. फोर कोर्ट्सच्या आगीतून ते वाचलं, कारण ते वेगळ्या इमारतीत होतं. आत मूळ दस्त नसतो, त्याचा गोषवारा मोठाल्या वह्यांत हाताने उतरवलेला असतो. एकेक वही थडग्यावरच्या दगडाएवढी, दोन्ही हातांनी छातीशी धरून टेबलावर आणावी लागते. संध्याकाळी माझ्या स्वेटरवर तांबूस चामड्याची भुकटी असायची.

इथे मी जे शिकले ते सरळ सांगते. नावांच्या सूचीत फक्त देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं नसतं. म्हणजे कुळाचं नाव शोधत बसलात तर हाती काहीच लागणार नाही. जमीनदाराच्या नावाने शोधा, नाहीतर जमिनींची सूची उघडा. ती काउंटीवार असते आणि टाउनलँडच्या फक्त पहिल्या अक्षराने लावलेली, त्यापुढे अनुक्रम नाही. तेव्हा त्या अक्षराची सगळी पानं वाचायची. नकाशे पक्के होण्याच्या आधी स्पेलिंगचा काही नियम नव्हता. आमच्या टाउनलँडची मला पाच रूपं सापडली. अक्षराला घाबरू नका. माझे आजोबा मोडी वाचायचे, ते म्हणत की दहा कागद वाचले की अकरावा आपण होऊन बोलतो. तसंच झालं. वाक्यरचना ठरलेली असते, डोळा आपोआप तारीख, पक्षकार, जमीन आणि साक्षीदारांवर जातो.

आमचा पट्टा तिथे नव्हता. नोंदणी सक्तीची नव्हती, आणि एवढ्याशा कुळाचा पट्टा नोंदवायला कोण खर्च करणार? पण १८११ चा एक दस्त सापडला, जमीनदाराच्या मुलाच्या लग्नाचा. नव्या सुनेच्या तजविजीसाठी कुठल्या जमिनींचं उत्पन्न बांधून दिलं त्याची लांबलचक यादी, आणि तिच्यात आमचं टाउनलँड, 'सध्या रायनच्या विधवेच्या ताब्यात'. म्हणजे पट्टा घेणारा पूर्वज १८११ च्या आधीच गेला होता. परक्याच्या लग्नाच्या कागदात तीन-चार शब्दांत आमच्या घरातला एक मृत्यू नोंदलेला होता.

आता पट्ट्यातली ती मुलगी, म्हणजे आमची आत्या, कधी गेली, एवढंच राहिलं. रेंटलमध्ये तिचं सासरचं आडनावही होतं. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ ला सुरू झाली. तोवर ती जगली असेल अशी आशा करायची. ती जगली होती. १८६६ ची नोंद मिळाली, विधवा, वय ८० लिहिलेलं. (तेव्हाची वयं अशी ढोबळच असतात.) मृत्यू कुठे झाला? आमच्याच टाउनलँडमध्ये, भाच्याच्या घरी. खबर देणारा तोच भाचा, सासूबाईंचे पणजोबा. सहीच्या जागी फुली.

शेवटी मूल्यांकन कार्यालयातल्या फेरनोंदीच्या वह्या पाहिल्या. ग्रिफिथची यादी छापल्यावर पुढे जे बदल होत गेले ते या वह्यांत वेगवेगळ्या रंगांच्या शाईने केलेले असतात. जुनं नाव खोडायचं, वर नवं लिहायचं, शेजारी साल टाकायचं. पडद्यावर रंगीत पान उघडलं आणि मला आमच्या फेरफार नोंदवहीची आठवण झाली. लाल शाईत, १८६८. रायनपुढचे ३७ एकर १ रूड खोडलेले, वर २१ एकर. उरलेले १६ एकर १ रूड शेजारच्या मोठ्या कुळाच्या नावावर. नकाशाचा क्रमांक पाहिला. डोंगराकडचा तुकडा. वरचं रान.

राहिलेल्या २१ एकरांवर पुढे कुळांना जमीन विकत घेता यावी म्हणून झालेल्या १९०३ च्या कायद्यानंतर जमीन खरेदीचा शिक्का बसला आणि ते घरचे झाले. ती गोष्ट सुखाची आहे, पण मी त्या दिवशी लाल रेघेवरच थांबले होते.

थर्ल्सला जाऊन सासूबाईंपुढे कागद ओळीने मांडले. त्यांनी रेंटल वाचलं, मृत्यूची नोंद वाचली, लाल शाई पाहिली. मग फुलीवर बोट ठेवून विचारलं, "त्याला ठाऊक असेल ना, ही फुली मारताना?"

असणारच. रेंटलमध्ये जमीनदाराने तिचं वय छापलं होतं, म्हणजे तो मोजत होता. घरातले मोजत नसतील? भावाच्या मागे तिला घरात आणून ठेवलं ते मायेने की धास्तीने, कागद सांगत नाही. मला वाटतं, दोन्ही असेल. म्हातारीचा खोकला वाढला की त्या घरात कुणाला झोप लागत असेल?

सासूबाई म्हणाल्या, "आणि आम्ही तिला खाष्ट म्हणत आलो." बाहत्तर वर्षं ती जमीन त्या बाईच्या जिवंत असण्यावर टिकली होती, शेवटची जवळजवळ चाळीस तर ड्यूकसुद्धा सोबतीला नव्हता.

इथे नोव्हेंबरमध्ये चर्चमध्ये घरातल्या मृतांची नावं एका कागदावर लिहून पाकिटात घालून देतात आणि महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. सासूबाईंची यादी दर वर्षी त्यांच्या आईवडिलांपासून सुरू व्हायची. त्या वर्षी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि आत्याच्या नावाचं स्पेलिंग नोंदीवरून पाहून सांगायला लावलं. मग ते सगळ्यांत वर लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, आणि त्याखाली आईवडिलांची.