तुम्ही विचारलंत म्हणून: हिस्ट्रीला एवढा वेळ कशाला?

दर बॅच विचारते, आता तर पोरांचे आईवडीलही विचारतात, की मॅडम, नीट पीजीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेला, 200 एमसीक्यू असतात, तिथे पेशंटसमोर कोणी उभं करत नाही, मग मेडिसिनच्या पोस्टिंगला एकेका बेडपाशी तासभर हिस्ट्री, म्हणजे पेशंटची सगळी विचारपूस, कशाला घ्यायला लावता?

मी जुन्या वळणाची नाहीये हो, सीटी, ब्लड मलाही लागतात. पण कुठली टेस्ट पाठवायची हे कशावरून ठरवणार?

मी इंटर्न होते, जुलै महिना, वॉर्डात खालीसुद्धा गाद्या टाकलेल्या. गोरेगावचा एक तिशीतला माणूस, चार दिवस ताप, अंग ठणकतंय, मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह. 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरा-गुरांच्या मुतातून, त्याने दूषित पाण्यातून कातडीवाटे होणारा ताप) सगळ्यांच्याच डोक्यात असायचा, म्हणून मी विचारलं, साचलेल्या पाण्यातून चाललात का? नाही म्हणाला. मी केसपेपरवर 'नाही' लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

दुसऱ्या दिवशी राउंडला आमच्या मॅडमनी त्याचे डोळे बघितले, लालभडक, पण चिपडं नाहीत. पोटरी दाबली तसा तो ओरडलाच. दोन्ही लेप्टोच्या खुणा. मग मॅडमनी एवढंच विचारलं, काम क्या करते हो? तबेल्यात होता. आणि पायात? "तबेले में चप्पल कहाँ टिकती है." उंदरांच्या, म्हशींच्या मुतात दिवसभर अनवाणी, टाचांना भेगा. साचलेल्या पाण्यातून तो खरंच चालला नव्हता, खोटं काहीच बोलला नव्हता.

पेनिसिलिन त्या दिवशी सुरू झालं. तोवर लघवी कमी झालेली, संध्याकाळी खोकल्यातून रक्त आलं, तिसऱ्या दिवशी गेला. त्याचा भाऊ मला म्हणाला, पहले दिन आप ही ने देखा था ना?

आदल्या दिवशी औषध दिलं असतं तर वाचला असता का? फुप्फुसात रक्तस्राव झाला की औषध देऊनही माणसं जातात, हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. त्या रात्री माझ्याकडे किती पेशंट होते तेही सांगितलंय. पण पोटरी दाबायला कितीसा वेळ लागतो?

एका मुलाने मला बरोबर पकडलं होतं, मॅडम, तुमच्या मॅडमनी तर दोनच प्रश्नांत काढलं, मग आम्हाला तासभर का? मी म्हटलं, ते दोन प्रश्न सुचायला त्यांनी किती वर्षं असे तास बसून काढले असतील. त्याला काही पटलं नाही, आणि नीटला ह्याचे मार्क नाहीत हे त्याचं म्हणणं खरंच आहे.

तरी परवा एकाने व्यवसायापुढे नुसतं 'नोकरी' लिहून आणलं. मी लॉगबुकवर सही केली नाही, परत पाठवलं त्याला बेडपाशी.