आमची वाटचाल : ऑइल इंजिनापासून ट्रायम्फ रोडस्टरपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी १९७४ साली वर्कशॉप सुरू केले, तेव्हा पाटीवर ‘ऑइल इंजिन व पंप दुरुस्ती’ एवढाच मजकूर होता. उसाला पाण्याची पाळी असताना इंजिन बंद पडले की शेतकरी ते गाडीत घालून आमच्या दारात आणायचा आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी घेऊन जायचा. गावोगाव विजेचे पंप पोचल्यावर हे काम आटत गेले, आणि मग जीप, अँबॅसिडर, फियाट असे जे दारात येईल ते आम्ही करू लागलो. आज मात्र आम्ही फक्त जुन्या मोटारी मूळ रूपात आणण्याचे काम घेतो. हा बदल घडला तो २०१६ च्या पावसाळ्यात निपाणीकडच्या एका तंबाखू व्यापारी कुटुंबाकडून आलेल्या उघड्या टपाच्या विलायती मोटारीमुळे. ती १९४९ ची ट्रायम्फ २००० रोडस्टर होती.

या गाडीची जन्मकथा समजून घेतल्याशिवाय तिच्या दुरुस्तीतील अडचणी समजत नाहीत. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४४ साली डबघाईला आलेली ट्रायम्फ विकत घेतली. युद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, पण विमानांसाठी तयार झालेले ॲल्युमिनियम मात्र उपलब्ध होते. म्हणून गोल पोलादी नळ्यांच्या चासीवर ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, अशी ही गाडी बांधली गेली. बॉडीत पोलादाचे होते ते पुढचे मडगार्ड. १९४६ पासून १८०० मॉडेलच्या २,५०१ आणि त्यानंतर १९४८-४९ मध्ये २००० मॉडेलच्या २,००० गाड्या निघाल्या. काचेवर तीन वायपर आणि मागे उघडणारी डिकी सीट ही तिची ओळख. डिकीत बसणाऱ्याने मागच्या बंपरवर पाय देऊन चढायचे आणि झाकणाचा पुढचा भाग उभा करून त्यातल्या दोन छोट्या काचांच्या आडोशाला बसायचे. ही सोय दिसायला रुबाबदार असली, तरी लुगडे किंवा धोतर नेसलेल्या माणसाची तिथे चढताना काय अवस्था होत असेल, हा विचार आमच्या मनात नेहमी येतो.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा वरून ती बऱ्यापैकी शाबूत दिसत होती. आमच्या सुतारमिस्त्रींनी मात्र दाराच्या चौकटीत टोच्या घालून पाहिला आणि म्हणाले, “मालक, दार उघडू नका, सगळंच हातात येईल.” ॲशचे लाकूड चिवट असते आणि वाफेवर चांगले वाकते, परंतु ओल आणि कीड यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही, कित्येक पावसाळे शेडमध्ये काढलेल्या या सांगाड्याचा खालचा भाग पूर्ण भुसभुशीत झाला होता. नवा सांगाडा आम्ही मुरलेल्या सागवानाचा केला. मूळ जातीचेच लाकूड वापरावे, असा आग्रह धरणारे शौकीन आहेत आणि त्यांच्या मताचा आम्हाला आदर आहे, पण आपल्या हवेत गाडी टिकवायची असेल तर सागच योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे. सागाच्या तेलकटपणामुळे सांध्यातला गोंद धरत नाही, म्हणून प्रत्येक सांधा चिकटवण्यापूर्वी ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो. तसेच ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलीत एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, त्यामुळे दोन्ही जिथे भेटतात तिथे मध्ये थर द्यावा लागतो.

पत्रेकामात आम्हाला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. जुने ॲल्युमिनियम ठोकत गेले की कडक होते आणि एका क्षणी तडकते; ते पुन्हा मऊ करायचे तर तापवावे लागते, परंतु लोखंडासारखे ते लाल होत नाही, आणि जास्त तापले तर काही सूचना न देता वितळून खाली पडते. यावर जुना उपाय आहे तो कपड्याच्या साबणाचा. पत्र्यावर साबणाची वडी कोरडीच घासायची आणि गॅसची ज्योत सतत फिरती ठेवायची. साबण तपकिरी होत होत काळा पडला की हात काढायचा आणि पत्रा गार होऊ द्यायचा. एवढे केल्यावर तोच पत्रा लाकडी हातोडीखाली हवा तसा वळतो. डिकीच्या झाकणाचा गोलावा आम्ही असाच, वाळूच्या पिशवीवर, वीतभर करत उतरवला.

इंजिन त्या मानाने ओळखीचे निघाले. २,०८८ सीसीचे हे चार सिलिंडरी इंजिन मुळात स्टँडर्ड व्हॅनगार्डचे, आणि व्हॅनगार्डची जुळणी मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया करत असे. त्याच घराण्याचे इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरलाही होते. त्यामुळे इतरांना ज्यासाठी इंग्लंडकडे डोळे लावून बसावे लागते, त्यातील काही भाग आम्हाला चेन्नईच्या भंगार बाजारात मिळाले आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरच्या नळ्या, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांतून मिळाल्या. या इंजिनाचे लायनर सुटे असून थेट इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात उभे असतात. प्रत्येक दोन लायनरखाली इंग्रजी आठच्या आकाराचे एक गॅस्केट बसते, आणि लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा तीन ते पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वर राहावी लागते. ती खाली राहिली तर पाणी ऑइलमध्ये उतरते, म्हणून हेड चढवण्यापूर्वी चारही लायनर डायलचे मापक लावून तपासले. नटबोल्ट जुन्या ब्रिटिश मापाचे होते. ऑइल इंजिनाच्या काळातील व्हिटवर्थ या ब्रिटिश मापाचे पाने वडिलांनी जपून ठेवले होते, ते इथे उपयोगी पडले. वॉटर पंपाच्या घराचे कास्टिंग शेजारच्याच फाउंड्रीत पॅटर्न करून ओतून घेतले.

मधल्या काळात “एवढा खर्च कशाला, मारुतीचे इंजिन टाकून द्या” असे सुचवणारे पुष्कळ भेटले. सुदैवाने गाडीचे मालक त्यांत नव्हते. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, ही त्यातील मुख्य अट आहे. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक, २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत असते. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना क्रमांक ठेवू शकते. अशी गाडी व्यावसायिक कामासाठी चालवता येत नाही.

वडील दुरुस्तीचे काम नेहमी उक्ते घ्यायचे. या गाडीपासून मी ती पद्धत बंद केली. लाकूड उघडल्याशिवाय पत्र्याचा अंदाज येत नाही आणि पत्रा उतरवल्याशिवाय चासीचा, मग आकडा सांगणार कशाच्या आधारावर? म्हणून काम टप्प्यांत विभागले, प्रत्येक टप्प्याला फोटोंची फाइल आणि तासांची नोंदवही ठेवली, आणि एका टप्प्याचा हिशेब चुकता झाल्याशिवाय पुढचा उघडला नाही. मालकांनाही हे सोयीचे गेले; दोन वर्षे तंबाखूचा बाजार पडला तेव्हा गाडी झाकून ठेवली, आणि त्यात कोणाचीही अडचण झाली नाही. २०२३ च्या दसऱ्याला गाडी स्वतःच्या चाकांवर निपाणीला गेली.

सध्या आमच्याकडे पाच कारागीर आहेत, त्यांत दोन सुतार. एका वेळी दोनच गाड्या आत घेतो. विवाहाच्या वरातीसाठी गाडी सजवून द्या, एवढेच काम असेल तर ते आम्ही घेत नाही.