हे काढल्यावर काय धरंल?

सप्टेंबरचा शेवटचा बुधवार. बीड जिल्ह्यात या दिवसांत ओपीडीला वेगळीच घाई असते. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघतात, म्हणून माणसं सहा महिन्यांची दुखणी एका दिवसात उरकायला येतात. मुतखडा, हर्निया, दाढ, पोराचा वाहता कान. ट्रक दारात लागायच्या आत सगळं व्हायला हवं असतं.

ते दोघं साडेबाराला आत आले. फाइल नवऱ्याच्या हातात होती. बाई खुर्ची सोडून तपासणीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. वय 46. डाव्या छातीत वर, काखेच्या अंगाला अडीच सेंटीमीटरची गाठ. काखेत हाताला काही लागत नव्हतं, सोनोग्राफीतही काख साफ होती. बायोप्सीत कॅन्सर आला होता. गाठ तिला फेब्रुवारीतच लागली होती, फडात, मोळी उचलताना. "पट्टा पडला की दाखवू म्हणलं," ती म्हणाली. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, मग पेरणी निघाली, मग धाकटीचं लग्न.

मी नेहमीचा कागद ओढला आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'छाती ठेवून', दुसऱ्या बाजूला 'छाती काढून'. वर्षानुवर्षं मी हाच कागद काढत आलेय. खरं सांगायचं तर आमच्याकडे शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं, मशीन नाही, आणि छाती ठेवली की शेक घ्यावाच लागतो. त्यामुळे तो कागद काढतानाच माझं उत्तर ठरलेलं असायचं. बाई लांबची आहे, तीन आठवडे रोज शेकाला जाणं जमणार नाही, तर काढून मोकळी करू. बायकाही मान हलवायच्या. त्याला मी संमती समजत होते.

नवरा म्हणाला, "म्याडम, मुळासकट काढा. बुडखा ठेवला की खोडवा फुटतो."

तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटतो तो खोडवा. आयुष्यभर ऊस तोडलेल्या माणसाचं हे म्हणणं. शंभर वर्षांपूर्वीचे मोठमोठे सर्जन अगदी असंच म्हणत होते. अमेरिकेत हॉलस्टेड नावाचा सर्जन छातीबरोबर खालचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी (लसिकाग्रंथी) काढायचा, कारण रोग बुडापासून पायरीपायरीने पसरतो असं तो धरून चालला होता. पुढची कित्येक दशकं जग त्याच वाटेनं गेलं. मग 1973 पासून इटलीत मिलानला सर्जन वेरोनेसींनी आणि 1976 पासून अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांनी बायकांचे गट करून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोघांचे वीस वर्षांचे निकाल 2002 साली आले. जगण्यात फरक नव्हता. मिलानच्या 701 बायकांत काय, अमेरिकेत काय, सगळी छाती काढलेल्या जास्त जगल्या असं दिसलं नाही.

हे त्याला त्याच्या भाषेत सांगायला हवं होतं. म्हटलं, "दादा, खोडवा फुटतो, खरंय. पण फुटला तर दिसतो, आणि तेव्हा काढता येतो. माणूस त्यानं जात नाही. माणूस जातो तो वाऱ्यावर उडालेल्या बियानं. काँग्रेस गवताचं बी एकदा उडालं की तुम्ही बांध खणा नाही तर अख्खं रान खणा. त्याला औषध वेगळं, गोळ्या, किमो. ते दोन्हीकडं सारखंच."

"आन् खोडवा फुटूच नये म्हणून?"

"त्याला शेक."

फिशर यांच्या अभ्यासात नुसती गाठ काढून शेक न दिलेल्या शंभर बायकांपैकी वीस वर्षांत 39 जणींना त्याच छातीत पुन्हा गाठ आली. शेक घेतलेल्यांत हा आकडा 14 होता. आता शस्त्रक्रिया आणि औषधं दोन्ही सुधारलीत, आकडे याहून कमी असतात. पण गाठ काढायची आणि शेक टाळायचा, हे अर्धवट काम. ते मी कुणाला करू देत नाही.

नवरा गप्प झाला. तेव्हा बाई पहिल्यांदा नीट बोलली.

"म्याडम, मपली पिशवी काढली तवा मी सत्तावीसची व्हते. तवा बी असंच म्हणले, काढून टाका, कटकट मिटंल. कटकट मिटली. पन तवापासून कंबर धरलीया. आता हे काढल्यावर काय धरंल?"

ऊसतोड बायकांच्या या गर्भपिशव्यांचं सांगायला नको. 2019 मध्ये ती बातमी देशभर गेली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झालेल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचे पैसे मुकादम कापतो, म्हणून पिशवीच काढायची. माझ्या टेबलासमोर त्या तेरा हजारांतली एक उभी होती आणि तिला तोच सौदा दुसऱ्यांदा सांगितला जात होता. या वेळी सांगणारी मी होते.

मी कागद उलटा केला.

काय धरेल, याचं खरं उत्तर छातीत नाही, काखेत आहे. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या की शंभरातल्या साधारण वीस जणींचा हात पुढे सुजतो. काहींचा थोडा, काहींचा बांगडी चढणार नाही इतका. एक-दोन गाठीच काढून तपासल्या तर हे प्रमाण पाच-सहावर येतं. सुजलेल्या हाताला उसाच्या पात्याचा साधा चरा गेला तरी हात लालभडक होतो, ताप भरतो. आणि हिचं सगळं आयुष्य त्या दोन हातांवर. एका हातात कोयता, दुसऱ्यानं ऊस धरायचा, मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. मी आजवर 'छाती राहील की जाईल' असं विचारत होते. तिचा प्रश्न होता, डावा हात वर जाईल का?

काखेचं काम छाती ठेवली तरी करता येतं, काढली तरी येतं. आम्ही निळा रंग टोचतो, मिथिलिन ब्ल्यू, अगदी स्वस्त औषध. तो रंग काखेत ज्या गाठींकडे आधी जातो त्या काढून तपासायच्या. साफ निघाल्या तर बाकीच्या जागच्या जागी. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी होते. हे आधी सांगितलं नाही तर वॉर्डात रात्री आरडाओरडा होतो, अनुभव आहे.)

मग तिनं दिवस विचारले. कुठल्या वाटेनं किती खाडे? मी बोटावर मोजून सांगितलं. छाती ठेवली तर दोन-तीन दिवस दवाखाना, महिनाभर जड काम नाही, पुढे शेकाचे पंधरा दिवस, म्हणजे शनिवार-रविवार सोडून तीन आठवडे. कधी कडेला रोग उरलाय असा रिपोर्ट येतो आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. शिवाय दरवर्षी मॅमोग्राफी. छाती काढली तर आठ-दहा दिवस जखमेतलं पाणी काढायची नळी आणि तिची पिशवी, महिना-दीड महिना आराम, शेक बहुतेक नाही. पण काखेत रोग निघाला तर छाती काढूनही शेक लागू शकतो. ही गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही. 'काढलं की सुटलो' एवढंच त्या ऐकून आलेल्या असतात.

"आन् किमो?"

"लागेल असं वाटतं. तीन-चार महिने. दोन्हीकडं."

"म्हंजी हंगाम गेलाच की."

नवऱ्यानं खिडकीकडे तोंड केलं. मुकादमाकडून लाखभर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती, दोघांच्या कोयत्यावर. ऑपरेशन, किमो, शेक, सगळं जनआरोग्य योजनेत बसतं, केशरी कार्ड होतं. उचल कुठल्या योजनेत बसत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी द्यायचा आवही आणला नाही.

पण त्या एका वाक्यानं हिशोब पालटला. तीन आठवड्यांचे खाडे वाचवायला छाती काढायची, तर आता वाचवायला खाडेच उरले नव्हते. राहिला प्रश्न मुक्कामाचा. बाईनं कमरेचा मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच बार्शीला मावसबहिणीला लावला. तिथे शेकाचं मशीन आहे, आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिकडेच जातात.

"अगं, मला तीन आठवडे ऱ्हायला येयाचंय. आता नाही, शिमग्याच्या टायमाला." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. बाई ऐकत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "ये म्हणली. अंथरूण घिऊन ये म्हणली."

वीस-वीस वर्षांचे दोन मोठे अभ्यास, आणि शेवटी निकाल लावला बार्शीतल्या एका पत्र्याच्या खोलीनं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. गाठ काढली, कडा साफ आल्या. काखेतल्या निळ्या झालेल्या तीन गाठी तपासल्या, तिन्ही साफ. तिसऱ्या दिवशी ती भिंतीवर डावा हात चढवत होती, आमच्या फिजिओथेरपीच्या मुलीनं पेन्सिलीनं खुणा करून दिल्या होत्या तिथपर्यंत. टोळी दसऱ्यानंतर तिच्याशिवाय गेली. नवरा गेला, सोबत कोयत्याला थोरली सून. तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं, ते या आजीजवळ राहिलं. किमोच्या दिवसांत तिनं ते कसं सांभाळलं, मी विचारलं नाही.

मार्चमध्ये दुपारी फोन आला, बार्शीहून.

"म्याडम, आज पंधरावा झाला."

"कातडी भाजल्यासारखी झालीय का?"

"थोडी काळी पडलीया. देतेत मलम."

"हात वर जातो?"

"जातो की. काल इथं माळ्यावरचं पातेलं काढून दिलं बहिणीला."

"आणि बाकी?"

"बाकी काय," ती म्हणाली, "कंबर हाय तशीच हाय."