खोगीरभरती

रविवार, रात्री

आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतला आणि तोंडातून असा काही आवाज निघाला की आईने बाहेरून दार वाजवलं. "पडलीस का गं?" म्हटलं, नाही, पाणी गरम लागलं. पाणी कोमट होतं.

आज सायकलवर सुरूर फाट्यापर्यंत जाऊन परत. दीडशेच्या आसपास किलोमीटर. खेड शिवापूरला पावसाने गाठलं ते खंबाटकी चढून जाईपर्यंत सोडलं नाही. काचायला लागलं शिरवळच्या अलीकडेच. उजव्या बाजूला, मांडी संपते त्या घडीत. आधी वाटलं, शिवण दुमडलीय. मग वाटलं, वाळूचा कण असेल. मग वाटणंबिटणं संपलं आणि नुसती आग. गंमत म्हणजे खंबाटकीच्या चढावर बरं होतं, कारण चढावर माणूस उठतो, बसतो, सरकतो. जीव काढला तो सपाट हायवेने. तिथे तासन् तास एकाच जागी बूड टेकून पाय फिरवायचे.

आत्ता हातातल्या आरशात पाहिलं. दोन इंच लांब लालभडक रेघ, मध्ये सोलवटलेली. चड्डीतल्या पॅडच्या कडेचा हुबेहूब ठसा. शॉर्ट्स उलटी करून बघितली तर उजवीकडची कड वळून कडक झालीय. दीड वर्षं वापरली, धुतली, कधी निरखून पाहिली नाही. कुकरची रिंग सुद्धा मी याहून वेळेवर बदलते.

नाडी काचते, बांगडी काचते, ब्लाउजची बाही काचते, हे सगळं आपण मोठ्याने बोलतो. सीट काचते म्हटलं की समोरचा खिडकीबाहेर बघायला लागतो.

सोमवार

बँकेत दिवसभर खुर्चीच्या कडेला बसले. शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "गुडघा का परत?" मी मान डोलावली.

हा गुडघा मागच्या नोव्हेंबरातला. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, वेळ साडेतेरा तास. मी १६० व्या किलोमीटरला सोडली. हातात चार तास होते, पायात दम होता, पोटात पोहे होते. फक्त बसता येत नव्हतं. शेवटचे वीस किलोमीटर जवळजवळ उभ्यानेच काढले होते. गाडीत सायकल चढवताना कुणीतरी विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, गुडघा. पुढे तीन आठवडे त्या गुडघ्याची ही सेवा! ग्रुपवर व्यायामाचे व्हिडिओ आले, एकाने तेलाची बाटली पाठवली, आई रोज रात्री ते चोळायची. मी चोळून घ्यायची. गुडघ्याची त्वचा फार मऊ झाली त्या काळात.

खरं दुखणं तिथेच राहिलं आणि मी त्याच्यावर पैसे ओतत गेले. आधी जेलचं सीट कव्हर. मग त्याहून जाड जेलचं. मग जाड पॅडची शॉर्ट्स, आणि खाली तेच कव्हर. मराठीत याला एक तयार शब्द आहे, खोगीरभरती. कामाचं काही नाही, नुसतं कोंबायचं. तो शब्द अक्षरशः माझ्या बुडाखाली होता आणि मला सुचला नाही.

कारण मऊ म्हणजे आरामशीर हे सोफ्यापुरतं खरं. आपल्या बुडात दोन हाडं असतात, टेकायची. वजन त्यांनी घ्यायचं. गादी फार मऊ असली की ती हाडं आत रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन दाबला जातो, नेमका जो दाबला जायला नको तो. शिवाय जेल प्रत्येक पॅडलला थोडं सरकतं, त्याच्यावर कापड सरकतं, कापडाखाली कातडी. तासाला पाच हजार वेळा पाय फिरतात. मग साल निघेल नाहीतर काय होईल?

आईला हे पटत नाही. ती शिक्षिका होती, पाचवारीत कसब्यातून शाळेपर्यंत सायकलने जायची, लेडीज सायकल, खाली जाडजूड स्प्रिंगांची रुंद सीट. "आम्हाला नाही कधी काचलं." खरंच नसेल काचलं. ती ताठ बसायची, सगळं वजन मागच्या हाडांवर, आणि प्रवास वीस मिनिटांचा. मी हँडलवर वाकते, कंबर पुढे कलते, वजन पुढच्या भागावर येतं, आणि असं सात-आठ तास. तिची सीट माझ्या सायकलला लावली तर तिच्या रुंद कडांनी मांड्या सोलून निघतील.

मंगळवार

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. बाई होत्या म्हणून गेले, हे लपवत नाही. तरी सुरुवात "ते गुडघ्याच्या वर" अशीच केली. त्या म्हणाल्या, किती वर?

एकदा दाखवल्यावर सोपं झालं. बुरशी नाही, पू नाही, नुसतं घर्षण आणि ओल. चार दिवस सायकल बंद, झिंक ऑक्साइडचं मलम, सुती सैल कपडे. साबण लावायचा नाही, नुसतं पाणी, आणि टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. गाठ आली, ती वाढायला लागली किंवा ताप आला तर फोडत न बसता थेट यायचं. आणि केमिस्टकडून ती मिश्र मलमं आणायची नाहीत. हे त्यांनी दोनदा सांगितलं. खाज आली की आपल्याकडे काउंटरवरून एक ट्यूब मिळते, तिच्यात बुरशीचं औषधही असतं आणि स्टेरॉइडही. दोन दिवस छान वाटतं, मग नायटा असेल तर तो जास्तच पसरतो आणि कातडी पातळ होते. माझ्या कपाटात तसली ट्यूब होती. मी काही बोलले नाही. घरी येऊन टाकून दिली.

वॅक्सिंगचंही विचारलं त्यांनी. इथे मी थोडी फुशारले, कारण याबद्दल मी वाचलं होतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी ब्रिटनच्या महिला सायकलपटूंच्या या दुखण्यावर तिथल्या तज्ज्ञांनी बसून विचार केला, आणि निघालेल्या सल्ल्यातला एक अगदी फुकटचा होता: तिथले केस काढू नका. केस घर्षण झेलतात आणि घाम कातडीवरून उचलतात. काढले की खुंट टोचतात, आत वळतात, पुळ्या येतात. फार वाढले तर कात्रीने कमी करावेत, बस. पार्लरवालीला हे पटवणं आईला पटवण्याइतकंच अवघड आहे.

त्याच देशातल्या हॅना डाइन्स या पॅरासायकलपटूने २०१९ मध्ये वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानिशी लिहिलं होतं, की सीटच्या दाबामुळे आलेल्या सुजेसाठी तिला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. मी ते बसमध्ये वाचलं होतं, मोबाइल छातीशी धरून, शेजारचीने बघू नये म्हणून.

गुरुवार

आज पुठ्ठा प्रकरण. माझ्या जुन्या मैत्रिणीने सांगितलेलं, ती स्वतः ६०० ची बीआरएम करून बसलीय.

कुरियरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यायचा. जिन्याच्या पायरीवर ठेवायचा. पातळ कपड्यात त्यावर बसायचं, पाय एक पायरी वर घेऊन गुडघे उचलायचे, पुढे वाकायचं, दोन्ही हातांनी पायरी ओढत स्वतःला खाली दाबायचं, मिनिटभर. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन उतरले. "काय, योगा?" म्हटलं, हो.

उठून पुठ्ठा उजेडात तिरका धरला. दोन खळगे, स्पष्ट, बशीत पेढे ठेवावेत तसे. खडूने मध्य काढले, पट्टी लावली: १३२ मिलिमीटर. यात वीस-पंचवीस मिळवायचे म्हणजे सीटची रुंदी येते. माझी १५५ च्या आसपास हवी. सायकलबरोबर आलेली सीट किती? खाली छापलेलं असतं: १४३. म्हणजे दीड वर्षं माझी हाडं कडेवर लटकत होती आणि वजन मधल्या भागावर. त्यावर मी गाद्या घालत होते. बायकांची ही हाडं सरासरीने पुरुषांपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब असतात, पण सरासरीने आपल्याला काय? मापल्याशिवाय कळत नाही. ब्लाउज शिवताना अर्ध्या इंचावरून शिंप्याशी भांडणारी मी.

१५५ ची सीट मैत्रिणीकडे जादा पडली होती, मध्ये लांब खाच असलेली. हाताला कडक लागते. आईने अंगठ्याने दाबून बघितली आणि "दगड आहे" म्हणाली.

बसवली. वर जाड पुस्तक आडवं ठेवून मोबाइलमधल्या लेव्हलने तिरपेपण बघितलं. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर नको, ते आधी टोचतं. एक-दोन अंश खाली चालतं. फार खाली केलं तर आपण घसरत पुढे येतो आणि हात बधिर होतात. मग मैत्रीण मागे उभी राहिली आणि मला ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालते त्या स्टँडवर, चालवायला लावलं. दोन मिनिटांत म्हणाली, "तू नाचतेयस." सीट उंच होती. पाय पुरेना म्हणून प्रत्येक पॅडलला मी उजवीकडे लचकत होते, आणि साल उजवीकडेच निघालं होतं. बारा मिलिमीटर खाली घेतली. एवढंच.

मग चहा पीत सगळं निघालं. शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं हे तिलाही उशिरा कळलं, मलाही. मी पहिले चार महिने आत निकर घालत होते, म्हणजे शिवण थेट कातडीवर. दुकानातल्या मुलाने किंमत सांगितली होती आणि पंख्याकडे बघत राहिला होता. पाळीच्या दिवसांत पॅडचे पंख कसे सुरीसारखे लागतात, आणि कप वापरायला लागल्यापासून ती तारखा न बघता नाव नोंदवते. हायवेवर जागा मिळत नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या आम्ही दोघी, आणि त्यापायी तिला झालेलं लघवीचं इन्फेक्शन. आता ती प्रत्येक पेट्रोल पंपाला थांबते, गरज असो नसो.

क्रीमचंही तिनेच निस्तरलं. मी पेट्रोलियम जेली लावायचे. ती घर्षण थांबवते, पण पॅडमधून निघता निघत नाही. आईचं खोबरेल तासाभरात वितळून पायाला लागतं. शॅमी क्रीम घ्यावं, पण मेंथॉल नसलेलं. परदेशी डब्यांत बऱ्याचदा असतं, त्यांना गार वाटत असेल, आपल्याला मिरची लागल्यासारखं होतं. लावायचं जिथे घासतं तिथे, म्हणजे घडीत आणि पॅडच्या कडेवर, आत कुठे नाही. पावसात ते धुऊन जातं, म्हणून छोटी डबी खिशात. शॅमी हे नाव शॅम्वावरून आलं, आणि शॅम्वा म्हणजे मुळात डोंगरी बकरी. तिचं चामडं पूर्वी पॅडच्या जागी शिवायचे, ते वाळून कडक व्हायचं म्हणून क्रीमने मऊ करायचे. बकरी सुटली, नाव राहिलं.

शनिवार

नवी शॉर्ट्स धुऊन उलटी वाळत घातली होती. पॅडला ऊन लागायला हवं, ओल राहिली की त्यातच सगळी पैदास. संध्याकाळी बघते तर आईने सुलट करून वर टॉवेल टाकलेला. "समोरच्या गॅलरीतून दिसतं." तीनदा सांगून झालं. आज चौथ्यांदा उलटी केली.

रविवार, दुपारी

नव्या सीटवर साठ किलोमीटर, मुद्दाम कमी. पहिले दहा किलोमीटर हाडं दुखली, बसायच्या नेमक्या त्या दोन जागा. हे दुखणं मला आवडलं. मधे बधिर काही नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहायचं म्हणून घड्याळात गजर लावला होता. घरी आल्यावर पाच मिनिटांत कपडे बदलले. एरवी ओल्या शॉर्ट्समध्येच मिसळ, चहा, गप्पा आणि फोटो व्हायचे, दीड तास.

सातव्या दिवशी रेघ फिकट गुलाबी झालीय, कड थोडी खडबडीत.

खेड शिवापूरच्या चहाला ग्रुपमधली एक पोरगी, चोवीस-पंचवीसची, चार महिन्यांपूर्वी आलेली, हळूच शेजारी येऊन उभी राहिली. बसली नाही. म्हणाली, "ताई, तुमचा गुडघा कसा बरा झाला? माझाही दुखतोय." मी विचारलं, उजवा की डावा?

ती बराच वेळ कपात बघत राहिली. मग म्हणाली, "दोन्हींच्या मध्ये."

तिला घरी घेऊन आले. पुठ्ठा, पायरी, खडू. वरचे काका नेमके पुन्हा उतरले, या वेळी काही बोलले नाहीत. तिची खूण भरली ११८. हाताखालच्या वहीवर पंचवीस मिळवले आणि दोघी बघत राहिलो: १४३. सध्या तिच्याकडे आहे ती १६८ ची, दुकानात "लेडीज" म्हणून गळ्यात मारलेली, जाड, मऊ, मांड्यांना दोन्हीकडून घासणारी.

माळ्यावरून माझी जुनी सीट काढली, धूळ पुसली, जेलचं कव्हर काढून टाकलं. तिला सांगितलंय, पंधरा दिवस वापरून बघ, नाही जमली तर परत आण.