'फाँफाँ ला त्युलिप': ते पावणेतीन सेकंद अखेर सापडले

सापडले! तीन आठवडे छळणारे ते पावणेतीन सेकंद कुठून येत होते, ते काल रात्री कळलं.

'फाँफाँ ला त्युलिप' या तलवारबाजीच्या जुन्या फ्रेंच सिनेमाची मी मराठी सबटायटल करतोय. ज्यांच्या वेळा वापरतोय ती फ्रेंच सबटायटल जुन्या डीव्हीडीतली आणि चित्र नव्या स्वच्छ प्रतीचं. डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमची, नवी प्रत २४ ची. म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा डीव्हीडीवर ९६ मिनिटांत संपतो. सगळ्या वेळांना २५/२४ ने गुणलं आणि सुरुवात चपखल बसली. पण विसाव्या मिनिटानंतर ओळी ओठांच्या आधी उमटायच्या. शेवटाला तर फाँफाँ झालेल्या जेरार फिलिपने तोंड उघडायच्या पावणेतीन सेकंद आधी! गुणक बदलून शेवट जुळवला की मधला भाग बिघडायचा. १९५२ साली कान चित्रपट महोत्सवात ख्रिस्तियाँ-जाकला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं ते योग्यच, पण माझ्या लेखी या सिनेमाचा वेग आंरी जांसोंच्या संवादांत आहे. उत्तर आधीच वाचून झालं तर त्यातली मजाच जाते.

काल डीव्हीडी आवाज बंद करून बघत होतो, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकला. रीळ बदलायची खूण! म्हणजे डीव्हीडी थिएटरात चाललेल्या प्रिंटवरून केलेली. अशा प्रिंटची झीज रिळांच्या टोकांना सर्वांत जास्त, आणि फाटलेल्या फ्रेम कापून जोड मारलेला असतो. दोन्ही प्रती शेजारी लावून मोजलं: पहिल्या जोडावर १९ फ्रेम गायब. चार जोड मिळून ६५. भागिले २४, पावणेतीन सेकंद! घसरण हळूहळू होतच नव्हती, दर जोडाला एक पायरी उतरत होती.

आता फाइलचे रिळांप्रमाणे पाच तुकडे करतोय. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये ठरावीक ओळीपासून पुढचं सगळं सरकवता येतं, ते सोयीचं. आवाजाचा आलेख बघायला मात्र मला एजीसब हा दुसरा प्रोग्रॅमच आवडतो.

आणि हे लिहिताना सुचलं, दरवेळी फ्रेम मोजायच्या कशाला? तलवारीवर तलवार आपटली की आलेखात सुईसारखं टोक येतं. चित्र आणि आवाज जुळवायला शूटिंगमध्ये आपटतात ती क्लॅपची पाटीच ती! जिथे तलवारी नाहीत तिथे बंदुकीचा बार किंवा दाराचा धडाका चालेल. तर फ्रेम मोजणं इथेच थांबवतो, सगळे जोड आवाजावरून पुन्हा तपासतो.

भाषांतरात दोन पात्रांची नावं मनासारखी जमली: फिएर-आ-ब्राला 'तुरमखान', ट्रांश-माँतान्यला 'डोंगरफोड्या'. दोन्ही फ्रेंच नावांत बढाईखोरपणा आहे, तो मराठीत आयता मिळाला.

वेळा बसल्या की तू-तुम्हीची फेरी. इंग्रजी सबटायटलमध्ये हा भेद पार पुसला जातो. फ्रेंचमध्ये तो ऐकू येतो आणि आपल्याकडे त्याला जागा आहे. फाँफाँला राजकन्येशी लग्न होईल असं भविष्य सांगून फौजेत ओढणारी अ‍ॅडेलिन त्याला 'तुम्ही' म्हणते की 'तू', ते प्रत्येक प्रसंगात कान देऊन टिपणार आहे. आलेखातली तलवारींच्या आवाजाची टोकं शोधायला पहिलं रीळ पुन्हा लावायचंच आहे, तेव्हा दोन्ही कामं एकदमच करतो.