जिथे बॉल कमी येतो

रविवार, रात्र

आज मुलांचा फुटबॉलचा सराव संपल्यावर मी कोन गोळा करत होतो, तेव्हा एक मुलगा मागे रेंगाळला. बारा वर्षांचा, टीममधला सगळ्यात शांत. बाकीची मुलं बाटल्या उचलून निघून गेली होती. हा बुटाच्या टोकाने माती उकरत उभा. मग म्हणाला, "सर, पुढच्या मॅचला मला लेफ्ट बॅकला ठेवाल का? तिकडे बॉल कमी येतो." लेफ्ट बॅक म्हणजे आपल्या गोलसमोरच्या बचावात डाव्या टोकाला खेळणारा.

मागच्या मॅचमध्ये त्याचा एक पास चुकला होता. समोरच्यांनी तो मधल्यामध्ये उचलला आणि गोल झाला. त्यानंतरचा अर्धा तास तो मैदानावर असून नसल्यासारखा होता. मला ते दिसलं होतं, पण मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आज फक्त "बघू" म्हणालो आणि घरी आलो. तेव्हापासून हा एकच विषय डोक्यात आहे.

कारण त्याच्या वयाचा असताना हाच प्रश्न मीही मनात घेऊन फिरायचो. विचारायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही. त्याने विचारलं, याचंच मला आधी कौतुक वाटलं.

आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. मोठ्या माणसांचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं. त्यावर बावीस जण आणि बॉल एक. नेदरलँड्सचा मोठा खेळाडू योहान क्रायफ म्हणायचा की 90 मिनिटांच्या मॅचमध्ये एका खेळाडूच्या पायाशी बॉल सरासरी तीनच मिनिटं असतो, खरा प्रश्न उरलेल्या 87 मिनिटांचा. लपायला जागा या 87 मिनिटांतच सापडते.

मी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, लपायचो. टचलाइनला चिकटून उभं राहायचं. पांढऱ्या रेषेपलीकडे कुणी नाही, म्हणजे एक बाजू आपोआप सुरक्षित. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं जागा धरून आहे, मैदान रुंद करतंय. कुणी ओरडत नाही. बॉल स्वतःहून तिथे येत नाही, कुणीतरी द्यावा लागतो. आणि जो कधीच मागत नाही, त्याला हळूहळू कुणी देतही नाही. एका संपूर्ण सीझनमध्ये माझ्या नावावर एकही मोठी चूक नव्हती. वर्षअखेरीस सगळ्यांनी आपापल्या आठवणी सांगितल्या, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

स्ट्रायकरचं, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढे उभा असतो त्याचं, वेगळंच. 2022 च्या फेब्रुवारीत क्रिस्टल पॅलेसविरुद्ध चेल्सीचा रोमेलू लुकाकू पूर्ण 90 मिनिटं खेळला आणि बॉलला फक्त सात वेळा शिवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोर्नमथविरुद्ध मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालांडचे आठ स्पर्श होते. एकाची सगळीकडे चर्चा, टीका. दुसऱ्याच्या आठांतल्या एका स्पर्शावर त्याच्याच टीममधल्या गुंदोआनचा गोल झाला आणि सिटी 4-0 ने जिंकली. नुसता आकडा बघून कोण लपलं आणि कोण दबा धरून होतं, हे कळत नाही. लुकाकूपर्यंत त्या दिवशी पास पोचतच नसतील, तर त्याने करायचं काय, हेही मला आज पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

गोलकीपर तर तासभर नुसता उभा राहू शकतो. पण लपणं त्याच्या नशिबी नाही. 1950 च्या वर्ल्ड कपची शेवटची मॅच, रिओचं मारकाना स्टेडियम, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. उरुग्वेच्या पहिल्या गोलला त्यांच्या गिज्जाने उजवीकडून क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर पास, दिला होता. पुढच्या वेळी तो तसाच धावत आला. ब्राझीलचा गोलकीपर मोआसिर बार्बोसा पुन्हा क्रॉस येणार म्हणून एक पाऊल बाहेर सरकला आणि बॉल जवळच्या खांबाच्या आतून गेला. त्या एका पावलाचा दोष बार्बोसाच्या माथी 2000 साली तो जाईपर्यंत राहिला. त्या पावलामागे विचार होता, हे मुलांना सांगायला हवं. पूर्वी निदान आपल्याच खेळाडूचा बॅकपास हातात घेऊन गोलकीपरला श्वास घेता यायचा. 1992 च्या नियमाने तेही गेलं, आता तो पायाने खेळावा लागतो.

पण खरं लपणं मी मिडफिल्डमध्ये शिकलो. लोकांना वाटतं मधोमध लपता येत नाही. येतं, आणि तिथलं लपणं सगळ्यात पक्कं असतं. बॉल आपल्या डिफेंडरकडे आहे. तो मान वर करतो, पास शोधतो. त्याच्या आणि माझ्या मध्ये समोरच्या टीमचा एक जण उभा आहे. मी दोन पावलं डावीकडे सरकलो की रस्ता मोकळा होणार. मी सरकत नाही. त्या माणसाच्या पाठीमागे, त्याच्या सावलीत उभा राहतो आणि हात वर करतो. "दे, दे" म्हणून ओरडतोही. बाहेर उभ्या कोचला वर केलेला हात दिसतो, बंद झालेला रस्ता दिसत नाही. डिफेंडर दुसरीकडे पास देतो आणि मी हात खाली घेतो.

दुसरा प्रकार मोज्यांचा. आपला गोलकीपर बॉल घेऊन वर बघायला लागला की मी मोजे ओढायला वाकायचो. सरळ उभा राहीपर्यंत बॉल गेलेला असायचा. तिसरा प्रकार धावण्याचा. जवळ येऊन पास घ्यायची गरज असते, नेमकं तेव्हा जोरात पुढे पळत सुटायचं. घामाने भिजलेलं पोर लपतंय, असं कोण म्हणेल?

आणि मेस्सी तर निम्म्याहून जास्त मॅच चालतच असतो. त्याला कुणी लपलेला म्हणत नाही, कारण चालताना त्याची मान सारखी वळत असते. मागे कोण, मोकळी जागा कुठे, कोण आपली जागा सोडून गेलं, हे तो बघून ठेवतो. मी लपायचो तेव्हा माझी नजर बॉलवर तरी असायची किंवा बुटांवर. आता मुलांकडे बघताना मी पायांआधी मान बघतो. त्या अर्ध्या तासात या मुलाची मान एकदाही वळली नव्हती.

लेफ्ट बॅकबद्दल त्याला काय सांगू? बॉल उजवीकडे असला की तू लांब आहेस, खरं. पण तेव्हाच तुला आत सरकायचंय. तुझ्या पाठीमागून येणारा विंगर फक्त तुलाच दिसू शकतो. लांबच्या खांबावर क्रॉस येतो, तो तुझ्याच डोक्यावर. बाकीचे तिघे एका रेषेत पुढे आले आणि तू एक पाऊल मागे राहिलास, तर तुमच्या रेषेच्या पुढे गेलेला समोरचा खेळाडू ऑफसाइड होत नाही, म्हणजे त्याला खेळता येतं, आणि हे पाऊल लाइन्समनशिवाय कुणाला दिसतही नाही. तिकडे बॉल कमी येतो, पण येतो तेव्हा तिथे दुसरं कुणी नसतं. हे सगळं आज सांगितलं असतं तर तो घाबरला असता. आधी त्या चुकलेल्या पासबद्दल बोलायला हवं. पासचा विचार बरोबर होता, जोर कमी पडला. हे त्याच दिवशी सांगायचं राहून गेलं, ती माझी चूक.

मंगळवारी मोठं मैदान नाही. लहान चौकोन आखायचा, चार विरुद्ध चार. तिथे दर काही सेकंदांनी बॉल पायाशी येतो. पास चुकतो, लगेच दुसरा येतो, आधीचा कुणाच्या लक्षातही राहत नाही. एका बाजूला मी स्वतः खेळणार आणि त्याला माझ्या बाजूला घेणार. पहिला पास त्याला द्यायचा, आणि लगेच दोन पावलं बाजूला सरकून त्याच्याकडेच परत मागायचा.